आवाज वाढवा

सहावीतल्या एका मुलीसाठी मी दप्तर घेऊन गेलो, आणि ती मुलगी स्वतःची मुलगी कडेवर घेऊन दारात आली.

चूक इतकी सरळ आहे की तिला सजवताही येत नाही. माहितीपट तेरा वर्षांपूर्वीचा. त्यात सुरेखा अकरा वर्षांची आहे. मी तो सहा वेळा पाहिला आणि सहाही वेळा ती अकराचीच होती. बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला तेरा आणि अकरा यांची बेरीज दप्तराच्या दुकानात सुचली नाही. दप्तर गुलाबी होतं. त्यावर पंख असलेला घोडा होता.

माहितीपटाचं नाव इथे देणार नाही. दिग्दर्शकाला आपलं आणि आपल्या कामाचं नाव झालेलं आवडतं, ते सुख माझ्या हातून त्याला मिळणार नाही. विषय सांगतो. ऊसतोडणीला जाणारं एक कुटुंब: बाप, आई कौसाबाई, मुलगी सुरेखा. आमच्या वारणाकाठच्या चित्रपट मंडळात आम्ही तो दर हिवाळ्यात दाखवतो. मंडळाची रीत अशी, की माहितीपट संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत. दोन मिनिटं अंधारात गप्प बसायचं, मग दिवे, मग चहा, मग चर्चा. ही रीत मी घातली, आणि तिचा मला अभिमान होता.

त्यातला एक प्रसंग आमच्याकडे नुसता 'तो सीन' म्हणून ओळखला जातो. पहाट, धुकं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन कौसाबाई ट्रॉलीला टेकवलेल्या फळीवरून वर चढतेय. फळी वाकते. तिचे ओठ हलताहेत. मागे बासरी. एवढंच. पण सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज सुरू होतात, आणि पहिलं नाक माझं असतं. मंडळाच्या वार्षिक अंकात मी त्या ओठांवर दीड पान लिहिलं होतं. 'काय पुटपुटत असेल ती? देवाला जाब विचारत असेल, की प्रत्येक पावलाची वेदना मोजत असेल?' हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मला ते विसरता येणार नाही याची व्यवस्था पुढे झाली.

गेल्या हिवाळ्यात चर्चेच्या वेळी मागून कुणीतरी विचारलं, "सर, त्या गावातल्या लोकांनी हे पाहिलंय का?" कुणालाच माहीत नव्हतं. चहा थंड झाला. मग मीच उठून जाहीर केलं, की मी जातो आणि दाखवून येतो. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मात्र रीत कुणाला आठवली नाही, मलाही नाही.

नगर

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण एसटीचा कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. स्टँडजवळच्या लॉजच्या मालकाने माझी पिशवी, प्रोजेक्टरची पेटी आणि दप्तराचं खोकं पाहून विचारलं, "शिंगणापूर का?"

"नाही."

"मग हिवरे बाजार. पाणी बघायला."

"नाही. पाथर्डीच्या पुढे."

"तिकडं काय हाय?" तो खरंच चक्रावला. "तिकडची मानसं तर तुमच्याकडं येत्यात."

रात्रभर ते वाक्य डोक्यात टोचत राहिलं. आमच्या वारणेच्या काठी ऊस अगदी दाराशी. दर दिवाळीनंतर ऊस तोडणारे येतात, ओढ्याकडेला पाचटाच्या कोप्या घालतात आणि उन्हाळा लागला की जातात. कुठले म्हणून विचारलं तर आम्ही सांगतो, "तिकडचे, नगर-बीडचे." जणू ढगच आलेत तिकडून. माझ्या घराच्या मागच्या खिडकीतून त्या कोप्या दिसतात. खिडकीत उभा राहून मी कधी रडलो नव्हतो. रडायला मी तिकीट काढून सभागृहात जात होतो.

पाथर्डीच्या पुढे

करंजी घाट उतरल्यावर देश बदलतो. आमच्याकडे नजर उसात अडकते, इथे तिला अडवणारं काहीच नाही. गुडघाभर बाजरी, मधे तूर, दगडी बांध, आणि लांबवर उघडे डोंगर. श्रावण होता, म्हणून त्यांच्यावर पोपटी रंगाची पातळ साय आली होती. मला ते सगळं ओळखीचं वाटलं. माहितीपटात मात्र हेच डोंगर तपकिरी होते. ते कडक उन्हाळ्यात टिपलेले असावेत, असं मी स्वतःला समजावलं. समजूत घालायचं काम तिथूनच सुरू झालं.

शेवटचा टप्पा भाऊसाहेब नावाच्या माणसाच्या टेम्पोने केला. त्याने मला पुढे बसवलं आणि पेट्या मागे शेळ्यांच्या पेंडीच्या पोत्यांवर ठेवल्या.

"कुनाकडं जायचं?"

"कौसाबाईंकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे. "कौसाबाई वारली की, पाव्हनं. लई वर्सं झाली."

मी मूर्खासारखं विचारलं, "कशाने?"

"फळीवरनं घसरली. मोळी घिऊन चढताना. वर दव पडलेलं, पाय सरकला." गिअर बदलत तो म्हणाला, "तुमच्याच बाजूला. वारनंकडं."

'तो सीन' मी सहा वेळा पाहिला होता. सहाही वेळा फळी वाकताना मला वाटलं होतं, किती सुंदर चौकट आहे.

भाऊसाहेबाने गाव येईपर्यंत गाणी लावली नाहीत. उतरताना म्हणाला, "तुमचं नशीब चांगलं. पंचमी हाय आज. सुरेखी माहेराला आलीया."

यालाच मंडळाच्या अहवालात मी पुढे 'सुयोग्य नियोजन' असं लिहिलं.

पंचमीचा दिवस

गावाच्या तोंडाशी लिंबाला झोके बांधलेले होते आणि नव्या साड्यांतल्या मुली उभ्या राहून उंच झोके घेत होत्या. त्यांच्यातूनच कुणीतरी घर दाखवलं. सिमेंटचं पक्कं घर, दारात मोटारसायकल, वर डिशची छत्री. मला वाटलं, चुकीच्या घरी आलो. माहितीपटातलं घर एक रिकामी खोली होती. भिंतीवर कॅलेंडर आणि कोपऱ्यात चूल, बाकी काही नाही.

सुरेखा दारात आली. चोवीस वर्षांची, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. माझ्या हातातलं खोकं तसंच पुढे राहिलं. मी माझं गाव सांगितलं, मंडळाचं नाव सांगितलं, माहितीपट दाखवायला आलोय हे सांगितलं, आणि म्हणालो, "तुमच्यासाठी दप्तर आणलं होतं."

"माज्यासाठी?" ती हसली नाही, पण हसू दाबायला तिला जो वेळ लागला तो मी मोजला. "मी बारावी झाले, सर. आता शिलाई करते. या, आत या."

माहितीपटाच्या शेवटी एक जाड आवाज म्हणतो, 'सुरेखाची शाळा उसाच्या फडात हरवली.' आमच्याकडे त्या वाक्यावर उसासे पडतात.

आत तिची चुलती हिराबाई पुरण वाटत बसली होती. कौसाबाईची धाकटी जाऊ. दोघींनी जन्मभर एकाच फडात ऊस तोडला. सुरेखा तिला काकू म्हणते. हिराबाईने मला पायापासून टाळूपर्यंत पाहिलं आणि बसायला पाट दिला. आता दप्तर आणलंच आहे तर लहानगीला द्यावं, म्हणून मी खिशातून चाकू काढला आणि खोक्याच्या चिकटपट्टीवर ठेवला.

सुरेखा, हिराबाई आणि दारातून डोकावणारी शेजारीण, तिघी एकदम ओरडल्या.

"अवो, काय करताय! पंचमी हाय!"

पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. माझी आईही हे सगळं पाळायची. नंतर आमच्याकडे पंचमीलाही चिरलेली कोशिंबीर आली आणि पंचमी कॅलेंडरपुरती उरली. इथे मात्र वर्षाचे सहा महिने रोज कोयता चालवणारी माणसं माझ्याभोवती बसून नखाने चिकटपट्टी सोडवत होती. पाव तास लागला. हिराबाईने माझा चाकू घेतला आणि पडवीच्या पत्र्याखाली, जिथे घरातले कोयते खोचून ठेवले होते, तिथेच खोचला. "सांजला न्या," म्हणाली. तो अजून तिथेच आहे.

मग दिंडं आली, पुरण भरून उकडलेली, वर तुपाची धार. मी घाईने तोंड भाजून घेतलं. हिराबाई म्हणाली, "गुर्जी, पळून जात न्हाई ती."

जेवताना तिने विचारलं, "वारनंकडं म्हंजे कंच्या अंगाला?"

मी सांगितलं.

"मंग तुमच्या शिवारात आमी तीन हंगाम तोडलाय. ओढ्याकडंला कोपी व्हती आमची. माडीचं घर दिसायचं, हिरव्या खिडकीचं."

माझ्या घराची खिडकी हिरवी आहे. मी पुरणाचा घास गिळला आणि तिला हे सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

जेवण झाल्यावर सुरेखा माझ्यासमोर बसली. मुलगी दप्तरातल्या घोड्याचे पंख ओढत होती. सुरेखाने एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारायला ती सकाळपासून थांबली होती हे मला आता कळतं.

"सर, त्यात आई बोलती का?"

"बोलते की!" मी म्हणालो. "तिच्यावरच तर आहे सगळं."

"तसं न्हाई. तिचा आवाज हाय का? फोटू हायेत आमच्याकडं. चेहरा ध्यानात हाय. आवाज इसरायला लागले मी. हिला सांगते, तुजी आजी अशी बोलायची, आन् बोलून दावाया गेले की माजाच आवाज निघतो."

"आहे," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. "सहा वेळा पाहिलाय मी."

पडदा

समाजमंदिराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि दुपारी दोन वाजता अंधार केला. पंचमीला आलेल्या लेकी, म्हातारी माणसं, शेजारी, सगळे खाली सतरंजीवर. सुरेखाचे वडील आले नाहीत. मी कशाला आलोय हे कळताच ते शेळ्या घेऊन डोंगराकडे गेले होते. "मला नगं दावू," एवढंच म्हणून गेले, असं सुरेखाने सांगितलं. सुरेखा स्पीकरच्या अगदी जवळ बसली, मुलीला मांडीवर घेऊन. मी भिंतीवर चौकोन पाडला. तो आधी उलटा पडला, मग तिरका. भाऊसाहेबाने प्रोजेक्टरखाली वीट सारली तेव्हा कुठे सरळ झाला.

पहिल्या मिनिटाला ते रिकामं घर आलं. आमच्याकडे इथे सन्नाटा पसरतो. इथे कुणीतरी विचारलं, "अगं, टीव्ही कुठं हाय?"

"माज्या घरात," हिराबाई म्हणाली. "दोन दिस माज्याकडं व्हता. शूटिंगवाल्यांनीच न्यायला लावला."

"आन् कपाट?"

"तेबी. मोटरसायकल लिंबाखाली झाकून ठिवली व्हती."

सगळं समाजमंदिर हसायला लागलं. पडद्यावर कौसाबाई फाटक्या लुगड्यात चुलीपुढे बसली होती. "ते लुगडं माजं हाय," हिराबाईने लोकांना सांगितलं. "ते म्हनले, जुनं नेसा. कौसा म्हनली, माज्याकडं फाटकं न्हाई. मंग माजं पोतेऱ्याचं आनून दिलं. तिनं नेसलं आन् मला म्हनली, हिरे, तुज्या पोतेऱ्यात मी आता मुंबईला जानार."

ते पोतेरं मुंबईच्या पुढे गेलं. परदेशांत गेलं. त्याला पुरस्कार मिळाले. कौसाबाईच्या ओठांवर दीड पान लिहिणारा मी तिथे वीट धरून उभा होतो, आणि प्रत्येक हशाबरोबर माझ्या कानशिलांतली उष्णता वाढत होती. आधी मला लाज वाटली. मग माझ्या लक्षात आलं, की लाज ही माझ्यासारख्यांची आवडती सोय आहे. लाजलं की काम झालं. तेव्हा मी लाजायचं थांबवून चिडायला सुरुवात केली. आधी त्या जाड आवाजावर, मग त्याच्या मागच्या माणसावर, मग आमच्या मंडळावर. स्वतःवर सगळ्यात शेवटी चिडलो. तिथेही मी स्वतःला सवलत दिली.

आणि चिडून पाहताना मला पहिल्यांदा दिसलं, की कौसाबाई बोलतच नाही. चुलीपुढे नाही, कोपीत नाही, फडात नाही. तिच्याबद्दल जाड आवाज बोलतो. तिच्या नवऱ्याला दोन वाक्यं आहेत, कुणा साहेबाला चार. ती नुसती बघते, वाकते, उचलते. सहा वेळा पाहूनही मला ती बोलतेय असंच वाटत आलं होतं, कारण तिच्या वतीने मी बोलत होतो.

मी सुरेखाकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. मी मनातल्या मनात माहितीपट पुढे पळवून पाहिला. उरलेल्या वेळात 'तो सीन' सोडला तर काहीच नव्हतं.

धुकं आलं. फळी आली. कौसाबाई मोळी घेऊन चढू लागली आणि तिचे ओठ हलले. सुरेखा स्पीकरवर वाकली.

बासरी वाजली.

"आवाज वाढवा," सुरेखा म्हणाली.

मी वाढवला. बासरी मोठी झाली.

"सर, अजून वाढवा. ती बोलतीया बगा."

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर फाटायला आला. बासरीने समाजमंदिर भरून गेलं, लहानगीने कानांवर हात ठेवले, आणि पडद्यावर कौसाबाईचे ओठ हलत राहिले.

माहितीपट संपला. मी दिवा लावला नाही. अंधारात हात बांधून उभा राहिलो. आदर म्हणून नव्हे, सवय म्हणून. दोन मिनिटं.

"गुर्जी, झोपला का?" हिराबाईचा आवाज आला. "गोधड्या काडा, गुदमारतंय."

गोधड्या निघाल्या. दुपार लख्ख आत आली. सुरेखा जागची हलली नव्हती. कुणाकडेच न बघता तिने विचारलं, "काकू, काय म्हनत व्हती आई?"

"गानं म्हनत व्हती की." हिराबाई खो खो हसू लागली. "मी मागंच व्हते तिच्या. तो कॅमेऱ्यावाला फळीम्होरं उकिडवा बसलेला. तिनं तिथल्या तिथं त्याच्यावर ओवी रचली. काय बरं ती?" ती आठवत राहिली, मग हाताने ठेका धरला:

"डोळा लावी नळकांड्याला, मेला हाय का जिता गं,
मोळीला दे हात बाप्या, फोटू काय काढिता गं.

म्होरं अजून दोन व्हत्या. लई घान. त्या न्हाई आठवत मला."

देवाला जाब. पावलापावलाची वेदना. दीड पान.

सुरेखा हसली. खरं हसली. आणि मग तेच हसू धरून माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, तुमी आवाज हाय म्हनला व्हता."

मी काहीतरी बोललो. त्यात 'मला वाटलं' हे शब्द तीनदा आले.

"त्यांचा नंबर हाय का?"

नंबर होता. वार्षिक अंक पाठवताना घेतला होता. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर, मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दिग्दर्शक खुशीत होता.

"गावात स्क्रीनिंग केलंत? वा! काय प्रतिक्रिया? रडले का लोक?"

"हसले," मी म्हणालो. "त्या फळीच्या प्रसंगाचा मूळ आवाज हवाय. बासरीखालचा."

"अहो, तो वापरण्यासारखाच नव्हता. बायका खिदळत होत्या. सगळा टोन बिघडला असता."

"पण आहे का?"

"असेल जुन्या डिस्कवर कुठेतरी. तेरा वर्षं झाली. कोण शोधत बसणार आता?"

सुरेखाने माझ्या हातातून फोन घेतला. "मी सुरेखा बोलते. कौसाबाईची."

"अरे! सुरेखा! केवढी झालीस! आई कशी आहे?"

सुरेखा अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "आई न्हाई आता. सर, तुमी म्हनला तवा आमी आमच्या घरातला टीव्ही बाहेर काढला. कपाट काढलं. गाडी काढली. एका शब्दानं इचारलं न्हाई कशाला म्हनून. आता तुमी तुमच्या घरातली ती डिस्क बाहेर काढा. हे सर येत्यात उद्या, त्यांच्यापाशी द्या."

हे सर म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसात मला मिळालेला तो एकमेव मान होता.

निघताना हिराबाईने दिंडं बांधून दिली आणि विचारलं, "आमी ओढ्याला व्हतो, तवा तुमी कुठं व्हता गुर्जी?"

"घरीच होतो."

"हां," ती म्हणाली. आणि पुढे काहीही म्हणाली नाही. ती काहीतरी म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पुणे

दिग्दर्शकाच्या कार्यालयात एक अख्खी भिंत बक्षिसांची आहे. त्यातल्या एका फोटोत कौसाबाई आहे, मोळीसकट, हाताच्या पंजाएवढी. तो मला म्हणाला, "तुम्ही फार भावनिक होताय." मी म्हणालो, "तेच तर तुम्ही आम्हाला शिकवलंत. डिस्क कुठाय?"

त्याला दीड तास मिळत नव्हती. मी हललो नाही. दोनदा चहा झाला. त्याने सांगून पाहिलं, की सत्य आणि वास्तव यांत फरक असतो. मग पंचमीची दिंडं सत्यात मोडतात की वास्तवात, असं मी विचारणार होतो, पण दिंडं माझ्याच पिशवीत होती आणि मी ती त्याला देणार नव्हतो. शेवटी कपाटाच्या खालच्या खणात, वायरींच्या गुंत्यात ती सापडली. त्याने ती जोडली. जुनी चित्रणं एकेक करून उघडली. फळी आली.

मी हेडफोन लावला.

वारा. ट्रॅक्टरची धडधड. मग तो आवाज. खर्जातला, थोडा बसका, मस्तीत आलेला. तिन्ही ओव्या. हिराबाई म्हणाली ते खरं होतं, पुढच्या दोन इथे छापता येणार नाहीत. मागून बायकांचा हशा. कौसाबाई स्वतःही हसते आणि मोळी डोक्यावर डुलते. वर पोचते, मोळी टाकते.

आणि मग अगदी जवळून एक तरुण आवाज, माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा: "बाई, खाली या. पुन्हा एकदा चढा. या वेळी हसू नका."

कौसाबाई खाली येते. तीच मोळी पुन्हा डोक्यावर घेते. पुन्हा चढते. ओव्या पुन्हा म्हणते, पण दात आवळून, ओठांतल्या ओठांत. तिचा चेहरा आता दमलेला आहे. हा दुसरा चढ म्हणजे 'तो सीन'. आम्ही ज्याच्यावर रडलो तो थकवा दिग्दर्शकाने मागवून घेतलेला होता. दवाने ओल्या झालेल्या फळीवर, उसाच्या मोळीखाली, एका हसऱ्या बाईला त्याने आमच्यासाठी दुसऱ्यांदा चढवलं, कारण तिचं हसणं आम्हाला चाललं नसतं. आणि ते आमच्याबद्दल त्याने अगदी बरोबर ओळखलं होतं, हीच खरी संतापाची गोष्ट आहे.

मी उठून त्याचं एखादं बक्षीस फोडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. प्रत्यक्षात मी उठलो तेव्हा हेडफोनची वायर कपात अडकली आणि उरलेला चहा माझ्याच पँटवर सांडला. त्याने मला टिश्यू दिले. टिश्यूने मांडी पुसत मी त्याला म्हणालो, "तुम्ही तिला दोनदा चढवलंत." तो म्हणाला, "तेव्हा तसंच करायचे सगळे." मी फाईल फोनमध्ये घेतली आणि निघालो.

पुढे आमच्या मंडळात हे सगळं सांगितलं, तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "पण सर, सीन तर छानच आहे ना?" चहा मिळाला. चर्चा झाली नाही. माहितीपट आम्ही यंदा दाखवणार नाही, एवढा ठराव मी भांडून करून घेतला. तो तीन विरुद्ध दोन मतांनी पास झाला, तिनातलं एक मत माझं.

स्वारगेट

एसटीची वाट बघत मी बाकावर बसलो आणि तो तुकडा सुरेखाला पाठवला. आधी त्याखाली मोठा मजकूर लिहिला होता. त्यात 'मातृत्व', 'श्रम' आणि 'माफी' हे तीन शब्द होते. मग तो पुसला आणि नुसता आवाज पाठवला. या सगळ्या प्रवासात मी केलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट. ती तिथेच थांबवायला हवी होती. पण मी तो तुकडा कानाला लावून पुन्हा ऐकला, आणि त्या गर्दीत, ओल्या पँटीनिशी, मला हुंदका आला. आणि तो हुंदका कुणाला तरी कळायला हवा, अशी जुनी खोड उफाळून आली. मी फोन लावला.

"सर, आत्ताच लावलंय," सुरेखा म्हणाली. तिच्यामागून तो बसका आवाज येत होता, मेला हाय का जिता गं, आणि हिराबाईचं हसणं, आणि लहानगीचं "परत लाव, परत लाव."

"सुरेखा," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "ऐकताना मला तर रडूच..."

"सर," ती म्हणाली, "ती हसतीया त्यात. तुमी फोन ठिवा. मला ऐकू द्या."